तुझा हात दांड्यावर होता का?

मंगल, तुला शेवटची आंघोळ घालून झाल्यावर गल्लीतल्या बायकांनी तुझ्या हातांत हिरवा चुडा भरला. मनगटापासून पार वरपर्यंत. सवाशीण गेलीस म्हणून त्यांना तुझं कौतुक होतं. मी दाराशी खुर्चीवर बसलो होतो. तेव्हा माझ्या मनात काय आलं ते कुणाला सांगितलं नाही, तुला सांगतो. मला वाटलं, एवढ्या बांगड्या घालून ही आता मशीनवर कशी उभी राहणार?

पाहुणे काल भुसावळच्या गाडीने परत गेले. आपली भारती अजून आहे. सासरचा फोन येतो तेव्हा "अजून दोन दिवस" म्हणते आणि पुन्हा तुझे डबे पुसायला लागते. कुठल्या डब्यात काय, हे मला विचारते, जसं काही मला ते माहीत असावं. आपला योगेश पर्वत पाटिया भागातल्या साडीच्या दुकानावर कामाला परत गेला. घर मोकळं झालं. सुरतच्या नवागामात मोकळं म्हणजे तरी काय, मागच्या भिंतीपलीकडे खात्यातले, कापड विणायच्या कारखान्यातले, लूम चालूच आहेत आणि भिंतीवरचं घड्याळ नेहमीसारखं थरथरतं. पण पुढच्या खोलीत आवाज नाही.

आपण जन्मभर एकमेकांशी अहिराणीत बोललो. लिहायला बसलो की मात्र शाळेतली मराठीच हाताशी येते. तू वाचलं असतंस तर म्हणाली असतीस, "काय, साहेब व्हई गयात का?" हसायचं तर हस. पण ऐक.

तुला ही मशीन मुळीच नको होती. पांडेसराच्या कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसमध्ये मी टर्नर होतो. नोकरी संपत आली तेव्हा हा जुना लेथ, लोखंड कातायची मशीन, मी घरी आणला आणि पुढच्या खोलीत बसवला. त्यासाठी तुझा सोफा गच्चीवर गेला. टेम्पोतून उतरवताना तू दारात उभी होतीस, कमरेवर हात ठेवून. "यापेक्षा म्हैस बांधतात तं दूध तरी मियतं," म्हणालीस. चार माणसं लेथ ढकलत होती, तीही हसली. पुढे पाहुणे आले की तू त्यांना लेथच्या शेजारी चटईवर बसवायचीस आणि म्हणायचीस, "ही आमनी म्हैस."

मला वाटलं होतं, निवृत्तीनंतर गल्लीतल्या खात्यांचे बोल्ट, स्टड, छोटी-मोठी कामं करत दिवस जातील. काही महिने तसे गेलेही. रमणभाई, तो मागच्या खात्यातला लूम दुरुस्त करणारा सुरती माणूस, तुटलेला बोल्ट घेऊन यायचा आणि मी त्याला नवा करून द्यायचो. तू लोखंडाचा कीस झाडायचीस, उडणाऱ्या तेलाला नावं ठेवायचीस. एवढंच तुझं आणि लेथचं नातं होतं.

मग त्या सकाळी मी तोंड धुवायला उभा राहिलो आणि हातातला तांब्या खाली पडला. उचलायला वाकलो तर हात ऐकेना. तू काय झालं विचारलंस, तर माझ्या तोंडातून जे निघालं ते बोलणं नव्हतं. तू माझं तोंड दोन्ही हातांत धरलंस. ते वाकडं झालं होतं, हे मला तुझ्या चेहऱ्यावरून कळलं.

दवाखान्यातून घरी आलो तेव्हा पाय थोडा थोडा चालत होता. उजवा हात मांडीवर ठेवला तर तिथेच पडून राहायचा. आणि जीभ गेली होती. डॉक्टरांनी तुला सांगितलं होतं की यांना बोलतं करा, रोज करा, नाहीतर सवय जाईल. तू केळं हातात धरून विचारायचीस, "हाई काय शे? बोला." मी उभ्या आयुष्यात मोठमोठे रोलर फिरवले, आणि आता केळ्याचं नाव घ्यायची परीक्षा! मी भिंतीकडे तोंड करून झोपायला लागलो. तू या बाजूने आलीस की मी त्या बाजूला वळायचो. भारती नंदुरबारहून आली, रडून गेली. योगेशने मोबाइलवर भजनं लावून दिली. मला कुणाचा आवाज नको होता.

किती दिवस असे गेले, मी मोजले नाहीत. तू मोजले असशील.

एका दुपारी पुढच्या खोलीतून लेथचा आवाज आला. आधी वाटलं, भास आहे. मग पत्रा फाडल्यासारखी करकर ऐकू आली आणि माझे दात शिवशिवले. लोखंड कातणारा टूल उलटा बांधला होता. कुणीतरी उलट्या टूलने लोखंड खरवडत होतं. मी भिंतीला धरून उठलो, पाय ओढत पुढच्या खोलीत गेलो. तू लेथसमोर उभी होतीस. साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, वरून माझा खाकी शर्ट. रमणभाईचा तुटका बोल्ट समोर ठेवला होता. माझ्याकडे न बघता तू म्हणालीस, "रमणभाई सांगे, लूम बंद शे. मी म्हटलं, देखू तरी."

मी डाव्या हाताने बटण बंद केलं. टूलकडे बोट दाखवलं. तुला कळलं नाही. मी पाना घेतला, एका हाताने तो टूल सोडवायला लागलो, जमेना, तर तू दुसरीकडून धरलंस. आपण दोघांनी मिळून तो टूल फिरवून सरळ बांधला. घामाने माझा शर्ट भिजला. त्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून झोपलो नाही. बसून चहा प्यायलो.

मंगल, कितीतरी महिने तू मला त्या लेथवर काम करताना बघितलं होतंस. टूलचं तोंड कुठे असतं हे तुला माहीत नव्हतं, यावर माझा आजही विश्वास नाही.

त्यानंतर रोज दुपारी जेवण झालं की आपली शाळा भरायची. मी प्लास्टिकच्या स्टुलावर, लेथच्या टोकाशी, टेलस्टॉकच्या बाजूला. डाव्या हातात पाना. लाकडी फळीवर पाना एकदा आपटला म्हणजे बंद. दोनदा म्हणजे पुढे चल. फळीवर घासला म्हणजे तेल लाव. ही भाषा आपण ठरवली नव्हती, होत गेली. सळई चकमध्ये, त्या फिरत्या जबड्यात, सरळ बांधायला तुला फार दिवस लागले नाहीत. शेवयांचं पीठ मळणारीला हाताचा अंदाज शिकवावा लागत नाही. पण आटे पाडणं वेगळं. त्यात नुसता हात चालत नाही, वेळ साधावी लागते.

टूलला टोक हवं, बरोबर आट्याच्या खाचेसारखं. ते तू दारातल्या ग्राइंडरवर घासून आणायचीस, मी पत्र्याचा छोटा गेज लावून उजेडाकडे धरायचो. फट दिसली की मान हलवायची. तू परत घासायला जायचीस. परत मान. "यापेक्षा तुमनी माय बरी व्हती," एकदा म्हणालीस. सासूचे दिवस तुला आठवले, इतका मी छळ केला असेल.

मग गियर लावायचे, चक हळू फिरवायचा आणि खालच्या लांब फिरत्या लीड स्क्रूवर हाफ नटचा दांडा टाकायचा. दांडा पडला की टूल धरणारा सगळा कॅरेज आपल्याआप चालायला लागतो आणि टूल सळईवर एक बारीक रेघ ओढत जातो, वेलीसारखी फिरत. शेवटाला एका हाताने टूल मागे घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने दांडा उचलायचा, दोन्ही एकाच दमात. मग कॅरेज परत आणून, टूल केसभर आत घेऊन, पुन्हा त्याच रेघेवर पडायचं. त्याच. जरा चुकलं तर दुसरी रेघ पडते आणि आटा खराब. आपल्या लेथची दांडा टाकायची वेळ दाखवणारी तबकडी कधीच तुटलेली. म्हणून मी चकवर आणि स्क्रूवर खडूच्या खुणा करून दिल्या होत्या. दोन्ही खुणा वर आल्या की दांडा टाकायचा. तू खुणांकडे बघत उभी राहायचीस, ओठ हलायचे. काय म्हणायचीस कोण जाणे. नंतर विचारलं तर म्हणालीस, झोका जवळ आल्यावर पोरी उडी मारायला थांबतात ना, तसं वाटतं.

खात्यातला एक युपीवाला आट्यांना चूडी म्हणायचा. "भाभी, इसकी चूडी घिस गई है," म्हणत बोल्ट पुढे करायचा. तू आधी दचकायचीस, मग हसू आवरायचं नाही. कारण तुझ्या स्वतःच्या चुड्या तू काढून देवघरात ठेवलेल्या असायच्या. फिरत्या चकजवळ बांगडी अडकली तर हात जातो, हे मी तुला पहिल्याच दिवशी खुणेने सांगितलं होतं.

त्यावरून मोठी वहिनी बोलली, आठवतं? दादा आणि वहिनी शिरपूरकडून मला बघायला आले होते. वहिनीने तुझे हात पाहिले. सगळ्यांसमोर म्हणाली, "मंगल, नवरा जित्ता शे ना तुन्हा? मंग हात असा मोकया काबर?" दादा जमिनीकडे बघत बसला. तू आत गेलीस आणि बांगड्या भरून बाहेर आलीस.

दुपारी रमणभाई आला, अडलेलं काम घेऊन. तू शर्ट चढवलास आणि बांगड्यांसकट मशीनकडे निघालीस. मी उठलो. सगळे बघत होते. मी तुझा हात धरून फळीवर ठेवला आणि माझ्या एका हाताने तुझ्या बांगड्या काढायला लागलो. काचेच्या बांगड्या एका हाताने काढणं सोपं नसतं. तुझी बोटं आवळून, एकेक. एक मध्येच तडकली, माझ्या अंगठ्यात काच गेली. तू "राहू द्या" म्हणालीस. मी थांबलो नाही. दुसरा हातही मोकळा केला, बांगड्या वहिनीच्या ओटीत ठेवल्या आणि स्टुलावर जाऊन बसलो. पाना दोनदा आपटला. चल पुढे.

मग वहिनीनेच उठून चहा केला. निघताना तुझ्या कानाशी म्हणाली, "मशीन बंद करशी तवय तरी घालत जाय, माय." तू घालत गेलीस. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी किणकिण ऐकू यायची आणि मला कळायचं की आजचं काम संपलं.

आता त्या दुपारबद्दल. ज्यावरून आपण शेवटपर्यंत भांडलो.

लूमचा एक स्टड होता. अर्धा बारीक, अर्धा जाड. बारीक भागावर आटे पाडत यायचं आणि जाड भागाची पायरी सुरू व्हायच्या आधी थांबायचं. मध्ये जागा अगदी थोडी. अशा कामात टूल पायरीवर आपटला तर टूल तुटतो, काम उडतं, आणि समोर उभ्या माणसाच्या तोंडावर येऊ शकतं. मी तुला ते काम द्यायला तयार नव्हतो. मान हलवून नाही म्हटलं होतं. तू म्हणालीस, "मी करस. तुम्ही फक्त देखा." आणि तेलाचा ब्रश माझ्या हातात दिलास.

हे लक्षात ठेव, मंगल. पाना बाजूला ठेवून ब्रश माझ्या हातात तूच दिलास.

पहिल्या काही फेऱ्या सुरेख गेल्या. तू वेळेवर टूल मागे घेतलास, दांडा उचललास. आटे खोल होत चालले. लोखंडाचा बारीक, गरम कीस गोल गोल होऊन पडत होता. बाहेर भाजीवाला ओरडत होता. मग एका फेरीला टूल निघाला, पायरीकडे आला, आणि तू हललीच नाहीस. मी तुझ्याकडे पाहिलं. तुझं लक्ष टूलवर होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही. टूल पुढे चालला होता. माझ्या हातात ब्रश. आपटायला पाना नाही.

"थांब!"

आवाज एवढा मोठा झाला की भाजीवाला दारात येऊन उभा राहिला. तू टूल मागे घेतलास, दांडा उचललास, बटण बंद केलंस. चक हळूहळू थांबला. तू कामाकडे पाहिलंसुद्धा नाहीस. माझ्याकडे पाहत होतीस.

"काय म्हटलंत?"

मी तोंड उघडलं. काही येईना.

"परत म्हना. एकदाव."

"था..." एवढंच आलं. पण आलं. तू तिथेच किसात खाली बसलीस आणि तोंडाला शर्टाची बाही लावून रडलीस, मग हसलीस, मग परत रडलीस. भाजीवाल्याला काही कळेना. तू त्यालाच सांगितलंस, "बोलले! आमना घरातले बोलले!" त्याने गाडीवरची कोथिंबिरीची जुडी तुझ्या हातात ठेवली. तू ती घेऊन गल्लीभर फिरलीस. माणसं दारात येऊन मला बघायला लागली आणि मी तुझ्या तेलकट ब्रशसकट स्टुलावर बसून राहिलो.

पुढे माझं बोलणं हळूहळू परत आलं. मोडकं आलं, पण आलं. आणि बोलता यायला लागल्यावर मी पहिली गोष्ट कुठली केली, तर तुझ्याशी भांडलो. "त्या दिवशी टूल आपटला असता," मी म्हणायचो. "कसा आपटता? मन्हा हात दांडावरच व्हता," तू म्हणायचीस. "नव्हता. मी पाहिलं." "तुमनं ध्यान मन्हा तोंडाकडे व्हतं. हाताकडे कोठे व्हतं?" आणि ते खरं होतं. पाहुण्यांसमोर, योगेशच्या लग्नाच्या बोलण्यात, भारतीच्या फोनवर, कुठेही हे भांडण निघायचं. पोरांना ते तोंडपाठ झालं होतं. योगेश म्हणायचा, एकदाचा कोर्टात तरी जा.

एका रविवारी सकाळी तू नाश्त्याला गरम लोचो आणलास, तो वाफवलेला सुरती प्रकार. तू वर तेल ओतत होतीस, मी सरळ विचारलं. भांडणासारखं नाही, खरंच विचारलं. "मंगल, तू मुद्दाम थांबली होतीस का? माझ्या तोंडून शब्द निघावा म्हणून?"

तू चटणी वाढलीस. "तुम्हले काय वाटस?"

"मी विचारतोय."

"खा आधी, थंड व्हई जाई."

झालं. तेवढंच उत्तर. मी म्हटलं, पुन्हा कधी तरी विचारू. माणूस समोर असला की असंच वाटतं.

मुद्दाम केलं असशील तर ते वेडेपण होतं. लोखंडाशी असा खेळ कुणी करू नये, मी शिकवलेल्या माणसाने तर नाहीच. आणि खरंच चुकली असशील, तर त्या चुकीपायी मी आज बोलतो आहे. दोन्हींतलं काय मानू? दिवसाला माझं मत बदलतं. सकाळी वाटतं, तुझा हात दांड्यावर होता. दुपारी वाटतं, नव्हता.

माझा उजवा हात पुरता सुधारला नाही. धरू शकतो, पण झटका देऊ शकत नाही. त्यामुळे आट्यांचं काम तुझंच झालं. गल्लीत तू मंगलबेन झालीस. "मंगलबेन छे?" विचारत लोक यायचे. मी दारात बसलेला असलो तर माझ्याकडे मान हलवायचे आणि सरळ आत तुझ्याकडे जायचे. एकदा रमणभाईने तुझा केलेला बोल्ट नटमध्ये घातला आणि बोटाने टिचकी मारली. नट स्वतःच्या वजनाने फिरत फिरत खाली आला. त्याने तो परत वर नेला, परत टिचकी मारली. तू ताक घुसळत असल्यासारखा चेहरा करून दुसरीकडे बघत होतीस, पण कान त्या नटाकडे होते. तुझ्या मानेवर लाली आली होती. लग्नानंतर पहिल्यांदा तुला सायकलवर पुढे बसवलं होतं तेव्हा आली होती, तशी.

हे तुला मी कधी सांगितलं नाही. काय सांगणार? साठीच्या बाईला तुझ्या मानेवर लाली आली असं कुणी म्हणतं का? म्हणायला हवं होतं.

दुसरं भांडण गावाचं. शिरपूरजवळ आपला जागेचा तुकडा आहे. मला दोन खोल्या बांधून तिकडे जायचं होतं. मोकळी हवा, सकाळी नदीकडे फेरी, दादा शेजारी. तू ऐकून घ्यायचीस आणि शेवटी एकच वाक्य बोलायचीस. "तठे मी धाकली वहू. आठे मी मंगलबेन." मी म्हणायचो, लेथ तिकडे नेऊ. तू म्हणायचीस, तिकडे कुणाचे लूम बंद पडतात? मी म्हणायचो, सगळं आयुष्य या खटखटीत गेलं. तू म्हणायचीस, तुमचं खटखटीत गेलं, माझं आत्ता कुठे सुरू झालं.

तू गेलीस त्याच्या आदल्या संध्याकाळीही तेच चाललं होतं. शेवटी तू म्हणालीस, आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, गावी जाऊ, जागा बघू, झोका खेळू, पण राहायला नाही. मी रागाने टीव्ही लावला. तू बांगड्या चढवून दिवा लावलास. नेहमीची संध्याकाळ होती.

सकाळी तू एक बोल्ट पुरा केलास. नट फिरवून पाहिलास, फडक्याने पुसून खिडकीत ठेवलास. म्हणालीस, चहा टाकते. आत गेलीस. थोड्या वेळाने भांडं पडल्याचा आवाज आला. मी हाक मारली. उत्तर नाही. पुढच्या खोलीतून स्वयंपाकघर किती लांब आहे, मंगल? तू दिवसातून शंभरदा ये-जा करायचीस. मला पोचायला जन्म लागला. तू ओट्याला टेकून बसली होतीस, गॅस बंद केलेला. एवढं भान तू ठेवलंस. मी तुझं डोकं मांडीवर घेतलं. गल्लीतली माणसं आली, रिक्षा आली, डॉक्टरांनी मान हलवली. बाकी सगळ्यांनी सांभाळलं. मी फक्त तुझ्या शर्टाची बटणं लावत होतो, दवाखान्यात उघडली होती म्हणून.

दहा दिवस सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते. त्यांनी ठरवूनही टाकलं आहे. दादा म्हणतो, आता सुरतला काय ठेवलंय, गावी ये, खोल्या मी बांधून देतो. योगेश म्हणतो, लेथ काढून टाकू, मी इकडेच राहायला येतो, पुढची खोली मला होईल. दोघेही माझ्या काळजीनेच बोलतात, हे मला कळतं. आणि बघ, आता मला गावी जायला अडवणारं कुणी नाही. वाट मोकळी आहे. पण पाय उचलत नाही.

काल संध्याकाळी रमणभाई दारात आला. हात पाठीमागे. भेटायला आलो म्हणाला, चटईवर बसला, लेथकडे बघायचं टाळत होता. मी म्हटलं, "पाठीमागे काय आहे?"

"रहेवा दो ने, भाई. पछी जोईशुं." राहू दे, नंतर बघू म्हणाला.

मी हात पुढे केला. त्याने स्टड दिला. अर्धा जाड, अर्धा बारीक, टोकाला मोडलेला. तसलंच काम. त्याचे डोळे भरले, तो उठून गेला.

आज सकाळी भारतीला म्हटलं, पुढच्या खोलीत येऊ नकोस. सळई बांधली, माप काढलं. टूल घासायला वेळ लागला, गेज उजेडाकडे धरायला दुसरं कुणी नव्हतं, एकदा धरायचं, मग घासायचं. आटे पाडताना मोटर लावली नाही. माझा उजवा हात वेळेवर उचलणार नाही, हे मला ठाऊक आहे. चक हातानेच फिरवत राहिलो, सावकाश, पायरीपर्यंत यायचो, थांबायचो, टूल मागे घ्यायचो, दांडा उचलायचो, परत. अर्धी सकाळ गेली. मध्ये दोनदा मी मान वळवून स्टुलाकडे पाहिलं. का पाहिलं? स्टुलावर तर मीच बसायचो.

नट घातला. फिरला, पण एका जागी घट्ट लागला. तू तो असा गल्लीत जाऊ दिला नसतास. मी पुन्हा टूल लावला, पुन्हा हलका हात फिरवला. आता नट बरा जातो. तुझ्यासारखा आपल्या वजनाने उतरत नाही. बोटाने ढकलावा लागतो.

हात पुसत होतो तेवढ्यात दादाचा फोन आला. भारतीने स्पीकरवर लावून समोर धरला.

"मंग, कदय येस?" दादाने विचारलं. "गवंडीले सांगी देवू का?"

मी म्हटलं, "दादा, मी नही येवाव."

"काबर? तठे आते कोन शे तुन्हं?"

"मन्ही बायकोनी मशीन शे," मी म्हटलं. "लोके काम लई येतस. मंगलबेननं घर कोनतं, असं इचारतस. कोनी तरी दारमा पाहिजे ना सांगाले."

दादा म्हणाला, "बरं. जेवत जाय येयवर." फोन ठेवला.

भारती माझ्याकडे बघत उभी होती. मी एवढं लांब, एका दमात, आजारपणानंतर कधी बोललो नव्हतो. जीभ एकदाही अडखळली नाही, मंगल. तू ऐकायला हवी होतीस.